कराची ते जुहू, 1932

15 ऑक्टोबर 1932. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाचे ‘पुस मॉथ’ विमान उडाले. आत अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा एकटेच. प्रवासी कोणी नाही. होते ते 55 पौंडांचे टपाल, इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने लंडनहून कराचीपर्यंत आलेले.

कराची आणि मुंबई या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर जेमतेम पावणेनऊशे किलोमीटर. पण इंधनासाठी अहमदाबादला उतरणे भाग होते, त्यामुळे वाट हजार किलोमीटरच्या वर गेली. अहमदाबादच्या मैदानावर पेट्रोल आले ते बैलगाडीतून, बर्मा शेलच्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून. ते टाकीत ओतले, विमान पुन्हा वर गेले आणि दुपारी एक पन्नासला जुहूच्या मातीला टेकले. एकूण सव्वासात तास. विमानात रेडिओ नव्हता आणि वाटेत जमिनीवरून दिशा सांगणारेही कोणी नव्हते. तेथून पुढे टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेले.

जुहूचा हा ‘विमानतळ’ म्हणजे समुद्राकाठची चिखलमाती आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात सगळे मैदान पाण्याखाली जाई. मग विमाने, माणसे, सामान असा सारा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. त्या काळचे वेळापत्रक विमानाच्या वेगावर जितके ठरे तितकेच मृगाच्या पावसावरही, आणि तरीही टपाल चुकू द्यायचे नाही ही जिद्द त्या मूठभर माणसांनी धरली. भारतीय विमानसेवेचा पाया त्या जिद्दीने घातला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पहिल्याच वर्षी टाटांच्या या विमान कंपनीला साठ हजार रुपये नफा झाला. हीच कंपनी 1946 मध्ये ‘एअर इंडिया’ झाली.

पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि या मार्गाची दोन टोके दोन देशांत गेली. तरी वाट तुटली नव्हती. 1962 मध्ये टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून तेच उड्डाण पुन्हा केले. 1982 च्या सुवर्णमहोत्सवात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते तिसऱ्यांदा कराचीहून मुंबईला आले. जेट विमानाला हे अंतर कापायला दोन तासही लागत नाहीत, आणि पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची विमाने अलीकडच्या काळापर्यंत या मार्गावर येत-जात होती.

आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. मुंबईच्या माणसाला कराचीला जायचे झाले, तर बहुधा दुबईला जाऊन विमान बदलावे लागते. पावणेनऊशे किलोमीटरच्या जागी तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो, आणि दुबईतला मुक्काम धरला तर वेळ 1932 च्या त्या सव्वासात तासांच्याही पुढे जातो.