दाता आणि प्रतिग्रहीता

दात्याने हात मोकळा केला म्हणजे दान पुरे झाले, असे आपले धर्मशास्त्र मानीत नाही. घेणारा पात्र असला पाहिजे आणि त्याने ते दान स्वीकारले पाहिजे, तेव्हाच ते सिद्ध होते. आजच्या कायद्यातही स्वीकारावाचून बक्षीसपत्र पुरे होत नाही. देवस्थानाचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. कोणी भाविक तळीच्या पायऱ्या बांधून देतो, कोणी अग्रशाळेच्या दोन खोल्या देतो. कोनशिलेवर त्याचे नाव कोरले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पायऱ्यांवरचे शेवाळ दरसाल कोणी खरवडावयाचे, त्या खोल्यांची कौले कोणी चाळावयाची, हे ज्या महाजनांनी दान घेण्यापूर्वीच ठरवून ठेवले, त्यांच्याच देवळात ते दान टिकले.

हाच प्रश्न सरकार दाता होते तेव्हा अधिक बिकट होतो. मंदीच्या काळी सरकारने आपली तिजोरी उघडून गावोगाव रस्ते, पूल, वीज आणि घरे यांची कामे काढावीत, हा विचार आज सर्वत्र रूढ झाला आहे. पण ज्या देशात तो प्रथम फार मोठ्या प्रमाणावर आचरणात आला, त्या अमेरिकेचा १९३३ नंतरचा इतिहास वाचताना पैशाच्या आकड्यांपेक्षा आम्हांला या प्रतिग्रहीत्याच्या प्रश्नानेच अधिक खिळवून ठेवले. तोच आज वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि चार वर्षांत अमेरिकेची अशी दशा झाली की दर चार कामकऱ्यांत एक बेकार होता. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदावर आले. त्याच वर्षी १६ जून रोजी झालेल्या कायद्याच्या दुसऱ्या भागाने सार्वजनिक बांधकामांसाठी ३.३ अब्ज डॉलरची तरतूद केली आणि त्या कामाचा अधिकार अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांच्याकडे आला. त्यामागची कल्पना साधी होती. खाजगी धनिक भयाने थैली आवळतो, तेव्हा सरकारने ती सैल करावी. गवंड्याला मजुरी मिळाली की ती वाण्याकडे जाते, वाण्याकडून शेतकऱ्याकडे जाते. सिमेंट आणि लोखंड लागले की बंद पडलेले कारखाने पुन्हा धूर सोडू लागतात.

कल्पना साधी, पण वाटेत कायदा आडवा पडला. या पैशाचा मोठा भाग केंद्राने स्वतः खर्चावयाचा नव्हता. तो राज्ये, नगरपालिका आणि शाळामंडळे यांना द्यावयाचा होता. मजुरी आणि साहित्य यांच्या खर्चाचे ३० टक्के अनुदान आणि बाकीचे कर्ज, असा आरंभीचा नियम होता; १९३५ मध्ये हे अनुदान ४५ टक्के झाले. परंतु अमेरिकन कायद्याप्रमाणे नगरपालिका ही राज्याने निर्माण केलेली संस्था. राज्याने दिला तेवढाच तिचा अधिकार, आणि कर्जाची मर्यादा पुष्कळ ठिकाणी राज्याच्या घटनेनेच आखून दिलेली. अनेक शहरांनी ती मर्यादा आधीच गाठली होती. म्हणजे दाता उभा, दान तयार, आणि घेणाऱ्याला हात पुढे करण्याचाच अधिकार नाही, असा विलक्षण प्रसंग उभा राहिला.

यावर तोडगा निघाला तो वकिलांच्या टाचणातून. पाणीपुरवठा, गटारे, वीजघर अशी जी कामे स्वतःचे उत्पन्न देतात, त्यांच्यासाठीचे कर्ज शहराच्या सर्वसाधारण करांवर न लादता त्या कामाच्याच उत्पन्नातून फेडावे, अशा रोख्यांना मान्यता देणारे कायदे राज्याराज्यांतून मंजूर झाले. इक्स स्वतः वकील होते आणि स्वभावाने कमालीचे चौकस. प्रत्येक आराखडा, प्रत्येक ठेका तपासून घेतल्यावाचून ते पैसा सोडीत नसत. त्यामुळे काम मंद चालले आणि टीकाही झाली. दुसरीकडे हॅरी हॉपकिन्स यांनी १९३३-३४ च्या एका हिवाळ्यात चाळीस लाखांहून अधिक लोकांना हाताला काम दिले. भुकेल्याला आराखडा मंजूर होईपर्यंत थांबता येत नाही, हे हॉपकिन्स यांचे म्हणणे खरे होते; आणि घाईने बांधलेला पूल पुराला थांबवून धरीत नाही, हे इक्स यांचेही खरे होते. या साऱ्या खर्चाने बेकारी पूर्णपणे नाहीशी झाली असे मात्र म्हणता येत नाही. १९३७ मध्ये खर्चाला कात्री लागताच मंदी पुन्हा उलटली, आणि बेकारी हटली ती महायुद्धाच्या मागणीने. मागे उरले ते पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या आणि विजेच्या तारा.

विजेची गोष्ट या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. विरळ वस्तीत तारा नेणे खाजगी कंपन्यांना परवडत नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते निघाले आणि १९३६ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. सरकारने कर्ज दिले. पण ते घेतले कोणी? बहुतांशी शेतकऱ्यांनीच स्थापन केलेल्या सहकारी संस्थांनी. सभासदांनी वर्गणी भरली, आपल्यातून संचालक निवडले, आणि विजेच्या देयकांतून हप्ते फेडले. १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत दहांपैकी नऊ शेतघरांत दिवे लागले. त्यांतील शेकडो संस्था आजही आपापल्या तारा सांभाळीत आहेत. शहरांनी सरकारी पैशातून स्वतःची वीजघरे उभारावयास घेतली तेव्हा कंपन्यांनी न्यायालये गाठली. १९३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. स्पर्धेमुळे कंपनीचा तोटा होईल, पण स्पर्धा कायदेशीर असेल तर त्या तोट्याविरुद्ध दाद मागता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

घरांच्या बाबतीत हाच धडा उलट बाजूने मिळाला. लुईव्हिल शहरातील गलिच्छ वस्ती पाडून नवी घरे बांधण्यासाठी केंद्र सरकारने जमीन सक्तीने घेऊ पाहिली. जमीनमालक न्यायालयात गेला. १९३५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितले की, काही लोकांना राहावयास घरे बांधणे हे केंद्राच्या दृष्टीने सार्वजनिक प्रयोजन नव्हे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका विरुद्ध निर्णय दिला. पण तेथे जमीन घेणारे केंद्र नव्हते, शहराचे गृहनिर्माण मंडळ होते. गलिच्छ वस्तीतून रोग आणि आग साऱ्या शहरात पसरते, म्हणून ती हटविणे सर्वांच्या हिताचे आहे, असे त्या न्यायालयाला वाटले. एकच काम, दूरच्या दात्याने स्वहस्ते केले तर बेकायदा, आणि जवळच्या संस्थेने केले तर कायदेशीर! १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याने ही खूण ओळखली. केंद्राने पैसा द्यावा आणि स्थानिक मंडळाने घरे बांधून सांभाळावीत, अशी वाटणी तेव्हापासून झाली.

येथपर्यंत वाचून, स्थानिक संस्थेच्या हाती पैसा दिला म्हणजे सारे साधले, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्याला तेथेच थांबवतो. अटलांटा शहरात टेकवुड नावाची सरकारी वसाहत १९३६ मध्ये खुली झाली. तिच्यासाठी जी वस्ती पाडली तीत गोरी आणि काळी अशी दोन्ही कुटुंबे राहत होती. नव्या घरांत मात्र केवळ गोऱ्यांना प्रवेश होता. टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ मध्ये जे प्राधिकरण स्थापन झाले, त्याच्या नॉरिस धरणाखाली सुमारे तीन हजार कुटुंबे उठली आणि पाच हजारांहून अधिक कबरी हलविल्या गेल्या. जमीनमालकांना मोबदला मिळाला. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या कुळांच्या पदरी फारच थोडे पडले. धरणाच्या कामासाठी वसविलेल्या आदर्श नॉरिस गावात काळ्या लोकांना घर मिळत नसे. प्रतिग्रहीता पात्र ठरला, पण त्या प्रतिग्रहीत्यात कोणाची गणना होते हे कोणी विचारले नाही.

हे दूरदेशीचे आहे म्हणून सोडून देता येत नाही. टेनेसीचाच कित्ता गिरवून आपल्या देशात १९४८ मध्ये दामोदर खोऱ्याचे महामंडळ कायद्याने स्थापन झाले. त्याची प्राथमिक योजना आखणारे अभियंते व्हूरदुइन हे टेनेसीच्या प्राधिकरणातूनच आले होते. आणि कबरी हलविण्याची गोष्ट वाचताना गोमंतकातील वाचकाला सांगे तालुक्यातील कुर्डी गाव आठवल्यावाचून राहणार नाही. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेले. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभे केले गेले. माणसांना मात्र आपले गाव तसे पुन्हा रचून मिळाले नाही. आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की ग्रामस्थ सोमेश्वराच्या स्थानापाशी जमतात आणि ख्रिस्ती ग्रामस्थ आपल्या चॅपेलपाशी. त्या धरणाचे पाणी दक्षिण गोव्यातील असंख्य घरांत पोहोचते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही सत्ये एकाच वेळी मनात धरणे कठीण असते, पण धरलीच पाहिजेत.

आपल्याकडे पात्र प्रतिग्रहीत्याची परंपरा नव्हती असे नाही. गोव्याची गावकारी, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव पडले, ती अशीच संस्था होती. गावाची जमीन सामाईक धरावी, तिच्या उत्पन्नातून खाजनाचे बांध आणि पाणी आतबाहेर सोडणारी मानस दुरुस्त ठेवावी, देवळाचा खर्च चालवावा आणि उरेल ते गावकारांनी जोण म्हणून वाटून घ्यावे, अशी तिची रीत. सरकारी मदतीवाचून शतकानुशतके तिने समुद्राचे खारे पाणी शेतात येऊ दिले नाही. पण जोण मिळे ती गावकारांच्या पुरुष वंशजांनाच. त्याच बांधावर चिखल वाहणाऱ्या मजुराचे आणि त्याच गावात आयुष्य काढणाऱ्या स्त्रीचे नाव त्या वहीत नसे. अटलांटाच्या दारावर जी पाटी होती, तिच्याहून ही वही अगदीच निराळी होती असे आम्हांला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

आज सरकारी योजनांचा पैसा ग्रामपंचायतींकडे येतो, नगरपालिकांकडे येतो, आणि क्वचित देवस्थानाच्या रस्त्यासाठी वा यात्रेकरूंच्या सोयीसाठीही येतो. असा पैसा नाकारावा असे आम्ही म्हणत नाही. उद्घाटनाची तिथी ठरविण्यापूर्वी समितीच्या बैठकीत दोन प्रश्न मात्र इतिवृत्तात लिहून घ्यावेत, इतकीच आमची विनंती. हे काम उद्या सांभाळणार कोण, हा पहिला. आणि सांभाळणाऱ्यांच्या यादीत कोणाचे नाव नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले तर दान टिकेल. दुसऱ्याचे उत्तर लिहिताना लेखणी अडखळली, तर ते दान अजून स्वीकारले गेलेले नाही असे खुशाल समजावे.