दीनदयाळांच्या चित्रातील ग्वाल्हेरचा किल्ला

राजा दीनदयाळ म्हटले की लोकांना हैदराबादचे निजाम आठवतात. आम्हां माळवेकरांना मात्र आधी इंदूर आठवावयास हवे. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकले व इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करू लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, तो केवळ छंद म्हणून. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्या छंदाला आश्रय दिला.

त्या काळी निसर्गदृश्याचा आदर्श म्हणजे सॅम्युअल बोर्न. १८६३ ते १८७० या वर्षांत हिंदुस्थानात वावरलेल्या या इंग्रजाची मांडणी विलायती चित्रकलेतून आलेली: पुढे पाणी, कडेला झाड, मागे धूसर डोंगर. दीनदयाळांनी ती आत्मसात केलेली दिसते. पण नकाशा काढणारा हात त्यांना सोडीना. त्यांच्या चित्रांत इमारतीच्या उभ्या रेषा ओळंब्यात असतात, कोरीवकाम मोजून घ्यावे इतके स्पष्ट असते आणि पायथ्याशी एखादा माणूस उभा असतो, तो बहुधा उंचीचा अंदाज यावा म्हणून. बोर्नचे चित्र आपण पाहतो, दीनदयाळांचे वाचतो, असे आम्हांस वाटते.

१८८२ च्या सुमारास मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला टिपला. मानमंदिराचे बुरूज, खालचा कडा, सारे निवांत. ते पाहताना आमचे मन मात्र निवांत राहत नाही. १८१० च्या सुमारास शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरास गेली, तेव्हा येथील कित्येक घराण्यांच्या शाखा तिच्यामागोमाग लष्करात जाऊन राहिल्या. त्यांच्या माथ्यावरचा तो किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. चित्रात त्याची खूण आम्हांस सापडत नाही. दीनदयाळांनी दगड जसा होता तसा दाखविला. तो कोणाचा, हे सांगणे त्यांनी आपले काम मानले नसावे. सरकारी दौऱ्यातील माणसाकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, तरी रुखरुख राहतेच.

१८८६ साली ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ निघाला. चित्रे दीनदयाळांची, ग्रंथकार म्हणून नाव ग्रिफिन यांचे. त्याच वर्षी झाशीच्या मोबदल्यात किल्ला जयाजीराव शिंद्यांना परत मिळाला आणि जूनमध्ये ते निवर्तले.