नकल की आकलन? मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाचनाचा इतिहास

१/ पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके १८७९ च्या बंडामुळे सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी मात्र ते इंग्रजी जाणणारे कारकून होते. प्रथम मुंबईत रेल्वेमध्ये, पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब कचेरीत.

२/ त्या पिढीतील बहुतेक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी ही पोटाची भाषा होती. कचेरीत सुवाच्य अक्षर, बिनचूक नकल आणि ठरावीक मसुदे एवढ्यावर काम भागे. वाचलेल्या मजकुरावर विचार करण्याची अपेक्षा कारकुनाकडून नव्हती.

३/ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि मॅट्रिकची परीक्षा नोकरीचा उंबरठा बनली. ज्याला मजकूर उमगत नसे, तो पाठ करी. घोकंपट्टीला आळस म्हणणे सोपे आहे; वास्तविक तो परक्या भाषेत तग धरण्याचा उपाय होता.

४/ त्याच काळात पुण्यात वाचनाची दुसरी रीतही रुजत होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये मराठीत आणले. कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ पासून उपलब्ध होता. पण कोश शब्द देतो, वाक्याचा अर्थ वाचकालाच लावावा लागतो.

५/ भाषांतरकाराला न समजलेले वाक्य ओलांडून पुढे जाता येत नाही. या मंडळींच्या आकलनाची कसोटी मराठी होती. विद्यापीठाने मात्र वरच्या परीक्षांतून मराठीला वगळले होते. तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तले. त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले.

६/ पुढे शंभर वर्षांनी, २००० साली, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. भाषा लवकर भेटू लागली. ती कशासाठी वाचायची, हा प्रश्न राहिलाच.

७/ आजही उताऱ्यावरील प्रश्न आला की अनेक विद्यार्थी प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधतात आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवतात. गुण मिळतात, अर्थ निसटतो. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. परीक्षा जे मागते, तेच ती देतात. ‘हे तुझ्या मराठीत सांग’ एवढे एक वाक्य वर्गात उच्चारले, तरी नकल कुठे संपते आणि आकलन कुठे सुरू होते, हे ताबडतोब दिसते.