मोन्तोने गाव आणि माणगावचा यशवंत

इटली म्हटले की आपल्याला रोम, व्हेनिस आणि फार तर पिसाचा कललेला मनोरा एवढेच आठवते. परंतु त्या देशाच्या मधोमध उम्ब्रिया नावाचा एक डोंगराळ प्रांत आहे आणि त्यात मोन्तोने नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाचे आणि आपल्या माणगाव तालुक्याचे एक नाते आहे. ते आपल्या मंडळातील भगिनींना ठाऊक असावे, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझा पुतण्या पेरूजा या शहरी शिकावयास आहे. तेथील विद्यापीठ १३०८ सालचे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते तेव्हाचे! २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता तो आम्हांला मोटारीने मोन्तोनेस घेऊन गेला. गाव टेकडीच्या माथ्यावर आहे, भोवती जुना दगडी तट आहे आणि खाली टायबर नदीचे खोरे पसरलेले आहे. घरे दगडी, बोळ इतके अरुंद की दोन बायका डोक्यावर हंडा घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला थांबावेच लागेल. दुपारी दुकाने बंद करून गाव जे झोपते, ते पाहून पुणेकरांनीही हात टेकावेत.

या निजलेल्या गावाचा इतिहास मात्र तलवारीचा आहे. ब्राच्यो हा येथला नामांकित सरदार. जन्म १३६८, मृत्यू १४२४. घराण्याचे नाव फोर्तेब्राच्यो, म्हणजे बळकट बाहूचे. त्या काळी इटलीत एक राजा नव्हता. शहरा-शहरांची भांडणे चालत आणि असे सरदार आपली फौज घेऊन, पैसे मोजील त्याच्या बाजूने लढत. ब्राच्योने १४१६ साली खुद्द पेरूजा शहर जिंकून घेतले. आपल्याकडील मुलूखगिरीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे फारसे परके वाटणार नाही. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. येशू ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातील मानला जाणारा एक काटा त्याला मिळाला, तो त्याने १४७३ साली गावाला अर्पण केला. त्या दानाचा उत्सव अजून दर ऑगस्टमध्ये होतो. गावाचे तीन भाग आहेत, प्रत्येकाला एकेका वेशीचे नाव. हे तिन्ही भाग जुन्या वेषात मिरवणूक काढतात आणि आपसांत चढाओढ करतात. आपल्या आळ्यांतली गोविंदांची चुरस आठवावी.

सॅन फ्रान्सेस्कोच्या जुन्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. तेथे पंधराव्या शतकातले एक चित्र आहे. एका लेकराला सैतान ओढून नेऊ पाहतो आणि माता मेरी हातात चक्क सोटा घेऊन त्याला हाकलते आहे. मेरी म्हटली की डोळे मिटलेली, सोशिक अशीच मी पाहिली होती. ही मला फार आवडली.

आता मुख्य गोष्ट. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने इंग्रज-अमेरिकनांशी तह केला, परंतु जर्मन फौजा देशात ठाण मांडून बसल्या आणि डोंगर-डोंगर लढवू लागल्या. त्यांना उत्तरेकडे रेटण्याच्या कामी सुमारे ५०,००० हिंदी सैनिक होते. त्यांत आपली मराठा लाइट इन्फन्ट्री होती आणि तिच्या तिसऱ्या पलटणीत नाईक यशवंत घाडगे होते. राहणार पळसगाव, तालुका माणगाव, त्या वेळचा कुलाबा जिल्हा. वय अवघे २२. माणगावात तहसील कचेरीजवळ ज्यांचा पुतळा आहे, तेच हे.

१० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले एकटे यशवंत. ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. हातगोळा टाकून ती बंद पाडली, एका शत्रूला गोळी घातली. मग बंदुकीत गोळ्या भरावयास उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांशी बंदुकीच्या दस्त्याने लढून त्यांना मारले. इतक्यात लपून बसलेल्या दुसऱ्या शत्रूची गोळी लागून ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या लढाईत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे. त्यांत दुसरे मराठा नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव. ते सुखरूप परत आले. यशवंतांची तेथे कबर नाही, समाधी नाही. दूर दक्षिणेस कासिनो येथे ज्यांचा ठावठिकाणा नाही अशांचे स्मारक आहे, त्यावर त्यांचे नाव आहे.

कोणी म्हणेल, ती लढाई इंग्रजांची होती. दोनच वर्षांपूर्वी आपल्याकडे 'चले जाव'ची हाक उठली होती, हजारो माणसे तुरुंगात होती, आणि आपली मुले त्याच सरकारसाठी मरत होती. हे खरेच आहे, आणि मला वाटते याच संकोचामुळे आपण या मुलांविषयी इतकी वर्षे हळू आवाजात बोललो. परंतु कोकणातल्या भातखाचरावर घर चालत नव्हते म्हणून मुलगे पलटणीत जात, हेही खरेच. त्यांच्या पगाराची मनिऑर्डर येई तेव्हा चूल पेटे. इटलीत असे ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. यशवंतांच्या मागे तरुण पत्नी होती. पराक्रमाच्या वर्णनात तिच्या वाट्याला एक ओळ येते. पुढचे सारे आयुष्य तिने काय केले असेल, याचा विचार आपण बायकांनीच करावयाचा.

मोन्तोनेच्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये आपल्या भारतीय वकिलातीच्या साहाय्याने यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्याच्या लॅटिन वचनाचा अर्थ पुतण्याने सांगितला: आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावाने सहाशे वर्षांपूर्वीच्या ब्राच्योला जपले, त्याने आपल्या तालुक्यातील पोरालाही जवळ केले. मी सोबत नेलेले हळदकुंकू तेथे वाहिले. जवळून जाणारी एक म्हातारी थांबली, काही विचारू लागली. मला तिची भाषा येत नाही. मी छातीवर हात ठेवून "माणगाव" एवढेच म्हटले. तिने माझा हात हातात धरला.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ घरांतून सासऱ्यांचे, आजेसासऱ्यांचे, कोणा चुलत्याचे पलटणीतले कागद ट्रंकेच्या तळाशी असतील. एखादे पदक असेल, मनिऑर्डरीची पावती असेल. घरातील वृद्धांना ती माणसे कोणती ते अजून सांगता येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना ते कागद घेऊन यावेत. मी वही घेऊन बसेन आणि नाव, गाव व पलटण लिहून घेईन.