फारकतीविना विभक्त : लक्ष्मीबाई टिळकांच्या पांच वर्षांचा विचार

बीड शहरानजीकचें पाली हें गांव बिंदुसरा नदीच्या खोऱ्यांत आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पश्चिमेस लागूनच इंग्रजी अमलांतील अहमदनगर जिल्हा. त्यामुळें सीमेच्या दोन्ही अंगांस विवाहाचा कायदा एक नव्हता. ह्या भेदाकडे लक्ष वेधून एका प्रसिद्ध वियोगाचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

घटस्फोट हा विषय कोणास केवळ अर्वाचीन वाटेल. परंतु जुन्या दप्तरांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड हे शब्द नवे नाहींत. अनेक जातींत नवराबायको पंचांसमक्ष मोकळीं होत व स्त्रीस पाट लावितां येई. ब्राह्मणांत मात्र ही वाट नव्हती. तेव्हां ब्राह्मण पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर मागें राहिलेल्या पत्नीची स्थिति काय? ती विधवा नव्हे, आणि संसारही उरला नाहीं.

१८६६ सालीं, सर हेन्री मेन कायदेमंत्री असतां, इंग्रज सरकारनें ह्याविषयीं एक कायदा केला. धर्मांतरामुळें जोडीदारानें सहा महिने सतत टाकिलें असल्यास ख्रिस्ती झालेल्या पक्षास कोर्टांत जातां येई. कोर्ट दुसऱ्या पक्षाचें मन अजमावी, एक वर्ष वाट पाही आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह मोडी. ही दाद ख्रिस्ती झालेल्या पक्षासच होती. मागें राहिलेल्या पत्नीस ती नव्हती, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

नारायण वामन टिळक यांस नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थानें नवा करार दिला. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई (जन्म १८६८) माहेरच्या माणसांच्या आश्रयास राहिल्या. ही ताटातूट कांहीं वर्षें टिकली. टिळकांनीं ना कायद्याचा आधार घेतला, ना दुसरें लग्न केलें. म्हणून हिला घटस्फोट म्हणतां येत नाहीं. परंतु त्या बाईनें भोगलें तें घटस्फोटाहून कमी नव्हतें. घटस्फोटास निदान शेवट असतो; ह्या स्थितीस तोही नव्हता.

लक्ष्मीबाई पतीसाठींच ख्रिस्ती झाल्या, असा एक समज आहे. तो कालक्रमास धरून नाहीं असें आम्हांस वाटतें. त्या पतीकडे परतल्या त्या हिंदु म्हणून, सोंवळें पाळूनच. जातिभेद मनुष्यानें केला, ईश्वरानें नव्हे, ह्या निर्णयास त्या पुढें स्वतःच्या विचारानें आल्या. आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं, राहुरी मुक्कामीं झाला. पुनर्मीलन आधीं व धर्मांतर मागाहून, हा क्रम पाहतां बाप्तिस्मा ही संसाराची किंमत ठरत नाहीं. मोडलेलें मन आधीं आपल्या पायांवर उभें राहिलें, मग तें श्रद्धेस लागलें.

ह्याचा मुख्य आधार त्यांचीं 'स्मृतिचित्रें' होत. त्यांचे चार भाग १९३४ ते १९३६ मध्यें छापले गेले. म्हणजे घटना व लेखन यांत तिसांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. तपशिलांत स्मृति चुकूं शकते, हें मान्य केलें पाहिजे. तथापि ज्या लेखांत लेखिका स्वतःची फजिती लपवीत नाहीं, त्यांत ती आपल्या दुःखाची शोभा वाढवील असें मानण्यास कारण नाहीं. श्रद्धेचा दुसरा पुरावा त्यांच्या कामाचा आहे. १९१९ मध्यें टिळक निवर्तले तेव्हां 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. त्या १९३६ सालीं गेल्या व ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या धर्मानें एके काळीं पति हिरावला, त्याचेंच गान त्यांनीं पतीमागें चालू ठेविलें.

धर्मांतर हें घटस्फोटाचें कारण हिंदूंच्या १९५५ च्या विवाहकायद्यांत नमूद झालें. त्यापूर्वींचीं अशीं किती घरें मुकाट्यानें दुभंगलीं, हें कोर्टाच्या दप्तरावरून कळणार नाहीं. कारण पुष्कळ प्रकरणें तेथवर जात नसत. तें घरगुती पत्रांतून व पंचांच्या कागदांतूनच कळेल. पाली व आसपासच्या गांवांत ज्यांपाशीं जुनीं गांठोडीं असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, सनदा व वतनपत्रें निवडतांना एखादी सोडचिठ्ठी वा माहेरवाशिणीचें पत्र रद्दी म्हणून टाकूं नये. राज्यांचा इतिहास सनदांत सांपडतो. घरांचा इतिहास सांपडला तर अशाच कागदांत.