सत्तेमागची सल्लामसलत

पडत्या काळात राज्य कोणाच्या सल्ल्याने सावरते, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा मागे उरलेल्या मुलखाचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी ‘हुकूमतपन्हा’ या अधिकाराने सांभाळला. गडकोट राखणे आणि पांगलेल्या सरदारांना पुन्हा एकत्र आणणे, हे त्यांचे मुख्य काम होते. लोकशाहीत गडांची जागा मतदारसंघांनी घेतली, आणि अमात्यांच्या मसलतीची जागा निवडणूक-सल्लागारांच्या कचेरीने घेतली. हे स्थित्यंतर कसे घडले, ते समजून घ्यावयाचे तर हैदराबादचा अलीकडचा इतिहास फार उपयोगी पडतो. 1956 पर्यंत मराठवाड्याचीही राजधानी हीच असल्याने हे शहर आपणांस परके नाही.

प्रथम 2004 ची हकीगत पाहू. अविभक्त आंध्र प्रदेशात काँग्रेस पक्ष 1994 साली 294 पैकी अवघ्या 26 जागांवर आला होता. 1999 मध्ये त्याला 91 जागा मिळाल्या, तरी सत्ता दूरच राहिली. हैदराबादेत चंद्राबाबू नायडूंची राजवट संगणकयुगाच्या तेजाने झळकत होती. खेड्यांत मात्र दुष्काळ होता. एप्रिल 2003 मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी हैदराबादजवळच्या चेवेळ्ळ्याहून पायी निघाले आणि सुमारे दोन महिन्यांत दीड हजार किलोमीटरच्या आसपास चालले. त्यांचे निकटचे सल्लागार के. व्ही. पी. रामचंद्र राव हे गुलबर्ग्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले त्यांचे सहाध्यायी. त्या काळी सल्लागार म्हणजे आयुष्यभराचा स्नेही, अशी रीत होती. 2004 मध्ये काँग्रेसला 185 जागा मिळाल्या, तेलुगू देसम 47 वर आली. 14 मे रोजी शपथ घेताच राजशेखर रेड्डींनी पहिली सही केली, ती शेतीला मोफत वीज देण्याच्या आदेशावर.

पुढे राज्य दुभंगले. 2 जून 2014 रोजी तेलंगण अस्तित्वात आले आणि चंद्रशेखर रावांची तेलंगण राष्ट्र समिती सत्तेवर बसली. काँग्रेसची स्थिती वर्षागणिक खालावत गेली. 2018 मध्ये 119 पैकी 19 जागा तिच्या वाट्याला आल्या, आणि जून 2019 मध्ये त्यांतले 12 आमदार सत्ताधारी पक्षात विलीन झाले. 2020 च्या हैदराबाद महापालिका निवडणुकीत 150 पैकी केवळ 2 जागा मिळाल्या. 2021 मध्ये हुजुराबादच्या पोटनिवडणुकीत मते पडली ती तीन हजारांच्या आसपास. 2022 मध्ये मुनुगोडू ही स्वतःची जागा गेली आणि अनामत रक्कमही जप्त झाली. ‘हा पक्ष संपला’ असे कोणी म्हटले असते, तर त्याला खोडून काढणे कठीण होते.

या सुमारास दोन गोष्टी घडल्या. जून 2021 मध्ये रेवंत रेड्डी प्रदेशाध्यक्ष झाले. आणि 2022 मध्ये काँग्रेसने सुनील कनुगोलू या निवडणूक-सल्लागारास आपल्या कामात घेतले. हे गृहस्थ प्रसिद्धीपासून दूर राहणारे. यापूर्वी त्यांनी इतर पक्षांसाठीही काम केले होते. स्नेह्याची जागा व्यावसायिकाने घेतली, ती अशी. डिसेंबर 2022 मध्ये माधापूर भागातील त्यांच्या कचेरीवर हैदराबाद पोलिसांनी छापा घातला. मुख्यमंत्र्यांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार हे त्याचे कारण. त्या छाप्याने एवढे मात्र सिद्ध झाले, की सत्ताधाऱ्यांच्या लेखी ती कचेरी दखल घेण्याजोगी झाली होती.

सल्लागार नेमके करतो तरी काय? मतदारसंघागणिक पाहणी करून कोणता उमेदवार चालेल हे सांगतो. लोकांची तक्रार कोणती, ते हुडकून तिला एका वाक्यात बसवतो. आणि भांडणाऱ्या पुढाऱ्यांपुढे आकडे ठेवतो. तेलंगणात ते वाक्य ‘मार्पु कावालि, काँग्रेस रावालि’ असे होते. म्हणजे बदल हवा, काँग्रेस यावी. मे 2023 मध्ये शेजारच्या कर्नाटकात पक्षाने 224 पैकी 135 जागा जिंकल्या. तेथे पाच आश्वासनांची ‘हमी’ दिली गेली होती. तोच धडा हैदराबादेत गिरवला गेला. 17 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे जो दिवस आपण मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो त्याच दिवशी, तुक्कुगुड्याच्या सभेत सहा हमी जाहीर झाल्या. स्त्रियांना मोफत बसप्रवास व दरमहा 2,500 रुपये, 500 रुपयांत गॅस सिलिंडर आणि 200 युनिटपर्यंत मोफत वीज, ही त्यांतील काही कलमे.

तथापि सारे श्रेय कचेरीला देणे अन्यायाचे होईल. मल्लू भट्टी विक्रमार्क 16 मार्च 2023 रोजी आदिलाबाद जिल्ह्यातील पिप्रीहून निघून शंभराहून अधिक दिवस चालले आणि 2 जुलैला खम्मम येथे पोहोचले. त्याच सभेत पोंगुलेटी श्रीनिवास रेड्डी पक्षात आले. जुन्या खम्मम जिल्ह्यातील 10 पैकी 9 जागा पुढे काँग्रेस व तिचा मित्रपक्ष यांना मिळाल्या. प्रतिपक्षाच्या चुकाही कामी आल्या. चंद्रशेखर रावांनी पक्षाचे नाव ‘भारत राष्ट्र समिती’ केले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या नांदेडात सभा घेतली. घरचा उंबरठा मात्र झिजत होता. ऑक्टोबरमध्ये आपल्या सिरोंच्यापासून जवळच, गोदावरीवरील मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. असा प्रसंग कोणत्याही सल्लागाराच्या आराखड्यात नसतो.

3 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: काँग्रेस 64, भारत राष्ट्र समिती 39. दोहोंच्या मतांतील अंतर सुमारे दोन टक्के. आणि नवल असे, की ज्या शहरात ही सारी आखणी झाली, त्या हैदराबाद जिल्ह्यातील 15 पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. 7 डिसेंबरला रेवंत रेड्डी मुख्यमंत्री झाले, 9 डिसेंबरला स्त्रियांचा मोफत बसप्रवास सुरू झाला.

श्रोतेहो, या कथेची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. आंध्रात जगनमोहन रेड्डींच्या पक्षाने प्रशांत किशोर यांची संस्था हाताशी धरून 2019 मध्ये 175 पैकी 151 जागा जिंकल्या. 2024 मध्येही ती संस्था त्या पक्षाबरोबर होती, पण किशोर स्वतः तिच्यातून बाहेर पडले होते. जागा आल्या 11. मधली पाच वर्षे कारभाराची होती, आणि मतदाराने हिशेब मागितला तो कारभाराचा.

रामचंद्रपंत सल्ला देत, तसाच मुलखाचा जमाखर्चही सांभाळत. त्यांचा शिक्का कागदावर उमटे. आजच्या सल्लागाराचे नाव मतपत्रिकेवर नसते आणि दिलेल्या हमीचा पैसा त्याला उभारावा लागत नाही. ते ओझे निवडून आलेल्यावर, आणि अखेरीस करदात्यावर, येऊन पडते. म्हणून पुढल्या वेळी कोणी हमीचा कागद आपल्या हाती ठेवील, तेव्हा त्यावर सही कोणाची आहे आणि खर्चाची तरतूद कोठे आहे, हे दोन प्रश्न नागरिकाने अवश्य विचारावेत. त्यांची उत्तरे निकालाआधी मागितलेली बरी.