दिनविशेष : ३ डिसेंबर

हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचे १९७९ मध्ये आजच्या दिवशी दिल्लीत निधन झाले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, ‘झाशी हीरोज’च्या मैदानावर. नगरा, सिपरी बाजार अशा रेल्वेच्या आसपास वाढलेल्या वस्त्यांच्या या गावातला हा ध्यानचंद यांचा साधासा हॉकी क्लब. पण १९३३ मध्ये त्याने कोलकात्याचा बायटन चषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर बलाढ्य कलकत्ता कस्टम्स! त्यांचे हल्ल्यांवर हल्ले चालू होते आणि गोल काही होत नव्हता. अशात ध्यानचंद यांनी चेंडू लांबवर इस्माईलकडे धाडला. एरवी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडून खेळणारा हा गडी जवळपास अर्धे मैदान धावत गेला, कस्टम्सचा हाफबॅक आणि गोलरक्षक यांच्यात घोटाळा झाला, तेवढ्यात त्याने चेंडू आत लोटला. सामन्यातला हा एकमेव गोल.

तोवर ध्यानचंद यांच्या नावावर दोन ऑलिंपिक सुवर्णपदके होती. तरीही आपला सर्वोत्तम सामना म्हणून त्यांनी आत्मचरित्रात निवडला तो हाच. क्लबचा याहून मोठा गौरव नाही. राणीचा किल्ला पाहायला झाशीला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून हे मैदानही जरूर पाहावे.